ऊन मे महिन्यात, मग पाऊस जूनमध्ये का? पाचवीतल्या मुलीला मान्सून कसा सांगायचा

ताई, आधी तुमच्या लेकीचे प्रश्न परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळतील. पुस्तकात तिने वाचलं की उन्हाळ्यात जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारे येतात आणि ते पाऊस आणतात. ह्यावर तिचं म्हणणं असं की सगळ्यात जास्त ऊन मे महिन्यात असतं तर पाऊस मे मध्येच का नाही, राजस्थान सगळ्यात जास्त तापतं तर तिथे सगळ्यात जास्त पाऊस का नाही, आणि आपला सातारा जिल्हा एकच असून महाबळेश्वरला चार महिने छत्री मिटत नाही पण आजीच्या दहिवडीला टँकर, असं का?

माझी सगळी नोकरी वेधशाळांमध्ये गेली आणि निवृत्त झाल्यापासून शाळाशाळांत जाऊन पोरांशी हेच बोलत असतो, तर सांगतो की हे तिन्ही प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवतायत. पुस्तकातलं चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. त्या धड्यात उन्हाला जरा जास्तच भाव दिलाय आणि मुलांच्या डोक्यात बसतं की ऊन म्हंजे पाऊस. तसं नाहीये. ऊन वाऱ्याला बोलावतं, पाऊस पाडत नाही. पाऊस पडतो तो ओली हवा वर चढून थंड झाली की. हे एक वाक्य तिच्या डोक्यात नीट बसलं ना, की तिन्ही प्रश्नांची उत्तरं ती स्वतःच देईल, बघा.

म्हणून मी मुलांबरोबर सुरुवात कधीच नकाशापासून करत नाही, वाफेपासून करतो. हवेत पाण्याची वाफ असते, ती दिसत नाही, आणि हवा जेवढी गरम तेवढी जास्त वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ राहू शकते, तीच हवा २० अंशावर आली तर १७ ग्रॅम, १० अंशावर जेमतेम ९ ग्रॅम. आता दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या, त्यात २८ घनमीटर हवा असते. ती ३० अंशाची आणि वाफेने पूर्ण भरलेली असेल आणि आपण तिला २० अंशापर्यंत गार केलं तर साडेतीनशे मिलीच्या वर पाणी बाहेर पडेल, मोठा ग्लासभर. एका खोलीतून! आणि आकाश म्हणजे अशा किती खोल्या, हे मुलांना मोजायला लावा, त्यांना मोठे आकडे जाम आवडतात.

आता हवा गार होते कशी? वर गेली की. वर दाब कमी असतो, हवा फुगते, आणि फुगताना गार होते. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली की साधारण १० अंशांनी गार होते. ढग बनायला लागला की हा वेग कमी होतो, साधारण पाच-सहा अंश. हे नुसतं सांगून पोरांना पटत नाही, म्हणून बाटलीचा प्रयोग करा. एक-दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी पारदर्शक बाटली, तळाला थोडं कोमट पाणी, विझवलेल्या उदबत्तीचा थोडासा धूर आत सोडायचा, झाकण घट्ट, बाटली हलवायची आणि दोन्ही हातांनी जोरात दाबून धरायची, आणि मग एकदम सोडायची. सोडल्या सोडल्या आत पांढरं धुकं दिसतं, परत दाबलं की गायब. तो ढग आहे, खराखुरा. दाब कमी झाला, हवा गार झाली, वाफेचे थेंब झाले. धूर कशाला तर थेंबाला बसायला काहीतरी बारीक कण लागतो, खऱ्या आकाशात ते काम धूळ आणि समुद्रातलं मीठ करतं. एकदा धुराशिवाय करून बघा, ढग फार फिका दिसेल, मग तीच विचारेल का म्हणून. (उदबत्ती मोठ्यांनी हाताळा.)

म्हणजे तीन गोष्टी लागतात, वारा, वाफ आणि वर चढवणारं काहीतरी. तिन्ही एका जागी आल्या तर पाऊस. दोन असल्या तर नुसता घाम.

आता वारा. जमीन लवकर तापते, समुद्र हळू, हे पुस्तकात आहे आणि बरोबर आहे, टेरेसवर एका ताटात वाळू आणि एकात पाणी ठेवून दुपारी हात लावला तरी कळतं. एप्रिल-मे मध्ये वायव्य भारत आणि पाकिस्तानचा भाग असा तापतो की तिथे हवेचा दाब कमी होतो. पण धड्यातल्या चित्रात वारा जवळच्या समुद्रावरून आल्यासारखा दाखवतात, रत्नागिरीसमोरच्या पाण्यावरून निघाला आणि रत्नागिरीत शिरला, असा. तसे वारे असतात, खारे वारे म्हणतो आपण, पण ते दुपारी येतात, रात्री उलटे मतलई होतात आणि किनाऱ्यापासून थोडंसंच आत जातात. मान्सूनचा वारा रात्री थांबत नाही. तो चार महिने त्याच बाजूने येतो, आणि येतो कुठून तर विषुववृत्ताच्या पलीकडून, मॉरिशसच्या बाजूने.

हे मुलांना सांगितलं की डोळे मोठे होतात. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळा. मॉरिशसमध्ये आपली मराठी मंडळी पिढ्यानपिढ्या राहतायत, त्यांच्यासाठी जून-जुलै हे थंडीचे दिवस. मादागास्करच्या पूर्वेला दक्षिण हिंदी महासागरावर तेव्हा थंड, जड हवेचा जास्त दाब असतो आणि आपल्याकडे उत्तरेला कमी दाब, म्हणजे नुसती आपली जमीन वाऱ्याला ओढत नाही, पलीकडून ढकलणाराही कोणीतरी आहे. तो वारा तिथून निघतो, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे येतो, तिथे केनिया-इथिओपियाच्या उंच डोंगरांची भिंत लागते, भिंतीच्या कडेकडेने दाबून उत्तरेकडे सरकतो, सोमालियाजवळ वळतो आणि अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे. साधारण दीड किलोमीटर उंचीवर ह्या वाऱ्याचा सगळ्यात जोरकस पट्टा असतो, ताशी ५०-६० किलोमीटर सहज, कधी कधी त्याच्याही पुढे. सोमाली जेट म्हणतात त्याला. आठवडा-दहा दिवस गरम समुद्रावरून चाललेली हवा, वाट भर वाफ उचलत येते. महाबळेश्वरच्या पावसात दक्षिण गोलार्धातल्या समुद्राचंही पाणी आहे, हे पाचवीच्या पोराला अगदी छान कळतं.

वळतो का? तर पृथ्वी फिरते म्हणून. इथे ग्लोब घ्या. जत्रेतल्या गोल चक्रीवर कडेला बसलेलं पोर जोरात फिरतं आणि मधल्या खांबाजवळचं हळू, तसंच विषुववृत्तावरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी जवळपास १६७० किलोमीटरने फिरत असते आणि मुंबईची जमीन साधारण १५८० ने, कारण मुंबईचा गोल छोटा. आता विषुववृत्तावरून उत्तरेकडे निघालेली हवा आपला पूर्वेकडचा जास्तीचा वेग घेऊनच येते, खालची जमीन मागे पडते, हवा पूर्वेकडे पुढे सरकते, म्हणजे उजवीकडे वळल्यासारखी दिसते. म्हणून दक्षिणेकडून निघालेला वारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो. कॉलेजात हे जरा वेगळ्या गणिताने शिकवतात पण पाचवीला एवढं भरपूर झालं. एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, त्याने १६८६ साली जमीन-समुद्राच्या तापण्यावरून मान्सूनचं कारण सांगितलं होतं आणि पृथ्वीच्या फिरण्याची बाजू जॉर्ज हॅडलीने १७३५ साली मांडली. म्हणजे आपलं पुस्तक अजून हॅलीच्या धड्यावरच आहे असं मी वर्गात गमतीने म्हणतो, शिक्षक हसतात, पण पुढच्या वर्षी परत तेच चित्र काढतात.

इतिहास आवडत असेल तर तिला वास्को द गामाची गोष्ट सांगा. एप्रिल १४९८ च्या शेवटी तो आफ्रिकेच्या मालिंदीहून निघाला, वाटाड्या माहीतगार होता, वारा मागून होता, आणि मे च्या २० तारखेच्या सुमाराला कालिकतला पोचलासुद्धा. महिनाही लागला नाही. परत जाताना मात्र वारा वळायची वाट बघायला तयार नाही, ऑगस्टच्या शेवटी निघाला, समोरून वारा किंवा वाराच नाही, आणि मालिंदी गाठायला जानेवारी १४९९ उजाडला, कित्येक खलाशी वाटेत मेले. अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांना हे शतकानुशतकं माहीत होतं, मान्सूनच्या वाऱ्यावर यायचं आणि हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्यावर जायचं.

ठीक, वारा आला, वाफ आली. आता पहिला प्रश्न, मे मध्ये का नाही.

मे मध्ये जमीन तापलेली असते पण वरची हवा तयार नसते. नागपुरात सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश, हवा वर उठते, पण किती? थोडी वर गेली की वायव्येकडून आलेला गरम कोरडा थर लागतो आणि त्याच्यात ती हवा अडकते. शिवाय वर, विमानं उडतात त्या उंचीवर, हिमालयाच्या दक्षिणेकडून पश्चिमी जेट वारे वाहत असतात, हे मे च्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला हिमालयाच्या उत्तरेला सरकतात. तिबेटचं पठार, सरासरी साडेचार किलोमीटर उंच, तोपर्यंत तापतं आणि तिथली वरची हवा गरम होते, हिमालय उत्तरेची थंड कोरडी हवा आडवून धरतो. मग दक्षिण भारतावर उंचावर वारे उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला लागतात. हा उंचावरचा पूर्वेकडचा जेट पी. कोटेश्वरम् ह्या आपल्या भारतीय हवामान शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात शोधला, हे मुलांना जरूर सांगा, नाहीतर त्यांना वाटतं सगळं गोऱ्यांनीच शोधलं.

हे उलटे वारे मी काही पुस्तकात बघून सांगत नाही. वेधशाळेतून रोज फुगे सोडतात, पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाचच्या वेळा धरून, हायड्रोजन भरलेले, खाली तापमान-आर्द्रता मोजणारी छोटी पेटी लटकवलेली. जुलैत मुंबईत फुगा सोडला तर आधी तो पूर्वेकडे, घाटाकडे पळतो कारण खालचा वारा पश्चिमेचा, आणि सहा-सात किलोमीटरच्या वर गेला की हळूहळू वळून परत समुद्राकडे निघतो. खाली आत येणारा वारा, वर बाहेर जाणारा वारा. म्हणजे चक्र पूर्ण झालं, खालून येणाऱ्या ओल्या हवेला वर जायला दार उघडलं. मे मध्ये हे दार बंद असतं. म्हणून मे मध्ये पडतो तो वळीव, एका दुपारी एका गावावर, गारा, वीजा, बऱ्याचदा ढग पूर्वेकडून येतात, झाडं पाडून तासाभरात ऊन. त्यात मागून माल पुरवणारा वारा नसतो. जूनमध्ये तो असतो, म्हणून संततधार.

तिला आणखी एक गंमत करून दाखवता येईल. शून्य सावली दिवस ऐकलाय ना, सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो. मुंबई-पुण्याला तो मे च्या मध्याला येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पेपरात फोटो येतात. पण तो परत एकदा जुलैच्या शेवटीही येतो आणि ढगांमुळे कोणाला दिसत नाही. सूर्य दोन्ही वेळा सारखाच डोक्यावर, एकदा घामाच्या धारा आणि एकदा पावसाच्या.

इथे हुशार मुलं अडवतात. जुलैत पुण्याचं कमाल तापमान २८ अंशावर येतं, जमीन गार झाली, मग वाऱ्याला ओढतंय कोण? पुस्तकाप्रमाणे तर मान्सून जूनच्या शेवटी बंद व्हायला पाहिजे! हा प्रश्न ज्या वर्गात येतो तिथे मी जास्तीचा अर्धा तास थांबतो.

उत्तर परत वाफेतच आहे. ओल्या हाताला फुंकर मारली की गार वाटतं, माठातलं पाणी गार होतं, कारण पाण्याची वाफ होताना ते उष्णता उचलून नेतं. थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळायला येईपर्यंत जेवढी उष्णता लागते त्याच्या पाच-सहा पट उष्णता त्याची वाफ करायला लागते. ही उष्णता वाफेबरोबर लपून अरबी समुद्रावरून येते आणि जिथे वाफेचे थेंब होतात तिथे, ढगात, सुटते. म्हणजे पाऊस पडताना खाली आपल्याला गारठा वाटतो पण वर ढगात तापत असतं. ती तापलेली हवा आणखी वर जाते, खालून आणखी ओली हवा ओढली जाते. सुरुवात करायला जमिनीचं ऊन लागलं, पण चालू राहायला मान्सून स्वतःच स्वतःला पुरवतो. तापवण्याचं काम जमिनीकडून ढगाकडे गेलं, एवढाच फरक, आणि हाच भाग धड्यात नसतो.

दुसरा प्रश्न, राजस्थान. आता तीच सांगेल, तिन्हीपैकी काय कमी आहे विचारा. दाब सगळ्यात कमी तिथेच, वारा खेचणारी जागाच ती, पण पश्चिम राजस्थानवर तापलेल्या हवेचा थर उथळ असतो, त्याच्यावर इराण-अफगाणिस्तानच्या बाजूची कोरडी हवा आणि तीसुद्धा खाली बसणारी. खालून ओलसर हवा शिरली तरी वर चढूच देत नाही. वारा आहे, थोडी वाफ आहे, वर जाणं नाही. जैसलमेरला म्हणून ऊन सगळ्यात जास्त आणि पाऊस अगदी नावाला. आणि उलट मेघालयात मौसिनराम, चेरापुंजी, तिथे कुठे एवढं तापतं? पण बंगालच्या उपसागरावरून आलेली हवा खासीच्या डोंगरांवर एकदम उभी चढते, मौसिनरामची वर्षाची सरासरी ११,८०० मिमीच्या वर. चेरापुंजीचा ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ ह्या बारा महिन्यांचा आकडा २६,४६१ मिमी आहे, सव्वीस मीटर, आठ-नऊ मजली बिल्डिंग.

तिसरा प्रश्न तुमच्या जिल्ह्याचा, आणि खरं सांगतो, हे शिकवायला साताऱ्यासारखा जिल्हा नाही. सह्याद्री अरबी समुद्राकडे उभा कडा करून उभा आहे. चिपळूण-पोलादपूरकडून आलेली ओली हवा थोड्याच अंतरात हजार-बाराशे मीटर वर ढकलली जाते, गार होते, ओतते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर. पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर आणि पाऊस तिसऱ्या हिश्शावर. खाली वाईला उतरलात की आणखी कमी, आणि पूर्वेला माणदेशात दहिवडीला पोचलात की ५०० मिमीच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक.

पण इथे एक सांगतो, "डोंगर ढगांना अडवतो" असं तिला सांगू नका प्लीज. सगळीकडे हेच सांगतात आणि मग मुलं विचारतात की ढग तर डोंगराच्या वर असतात, अडतात कसे? डोंगर अडवत नाही, चढवतो. आणि पलीकडे काय होतं तर हवा उतरते, उतरताना दाबली जाते आणि तापते, जेवढी गार झाली होती त्याच नियमाने उलटी. तापली की तिच्यात वाफ परत मावायला लागते, ढग विरघळतात. दहिवडीवर जुलैत ढग धावताना दिसतात आणि पडत नाहीत ते ह्यामुळे, शेतकरी वर बघत बसतो. त्या ढगांतलं सगळं पाणी महाबळेश्वरला संपलेलं नसतं, त्यांना वर जायला मिळत नाही. म्हणून माणदेशाला खरा आधार सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा, तेव्हा वारा पडलेला असतो, दुपारी ऊन तापतं, गडगडाटी ढग जागेवरच उभे राहतात आणि त्यांना सह्याद्रीशी काही घेणं नसतं.

विदर्भाचं आणखी वेगळं. नागपूरला सह्याद्रीचा काय उपयोग? तिथे हजार मिमीच्या वर जो पाऊस होतो तो मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे, ती ओडिशा-छत्तीसगड करत पश्चिमेकडे सरकतात आणि फिरत्या वाऱ्याने हवा वर उचलतात. तिथे डोंगराचं काम हे भोवरे करतात. बातम्यांत "उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र" ऐकलं की दोन-तीन दिवसांत विदर्भ आणि बऱ्याचदा कोकणातही जोर वाढतो, कारण तो भोवरा अरबी समुद्रावरचा वाराही जोरात ओढतो. आणि हे नसेल तेव्हा उघडीप. मान्सूनची आस म्हणून कमी दाबाचा एक लांब पट्टा असतो, राजस्थानपासून उपसागरापर्यंत, तो मध्ये असला की मध्य भारतात पाऊस, तो उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी गेला की आपल्याकडे कडक ऊन आणि बिहार-नेपाळकडे पूर. जुलै २००२ मध्ये देशभरात पाऊस निम्म्यावर आला होता, शेतकऱ्यांना अजून आठवतं.

एल निनोबद्दल शाळेत हल्ली फार विचारतात, टीव्हीमुळे. थोडक्यात, प्रशांत महासागराचं मधलं-पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम झालं की हवा वर चढायची जागा तिकडे सरकते आणि आपल्याकडे बऱ्याचदा पाऊस कमी पडतो, २००९ ला देशात २२ टक्के कमी पडला. पण १९९७ ला एल निनो भलामोठा होता आणि पाऊस आपल्याकडे ठीकठाक झाला, हिंदी महासागराने तेव्हा साथ दिली. पाचवीला एवढंच, पुढे जाऊ नका.

आणि मान्सून जातो कसा, तर सप्टेंबरमध्ये जमीन समुद्राच्या आधी गार व्हायला लागते, ढकलणारा-ओढणारा खेळ उलटा होतो. सध्याच्या सरासरी तारखांप्रमाणे १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून परत फिरायला सुरुवात, मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबर, मग आपली ऑक्टोबर हीट. वारे ईशान्येकडून, जमिनीवरून येणारे, म्हणून आपल्याला कोरडे. पण तेच वारे बंगालचा उपसागर ओलांडून तामिळनाडूत शिरतात, म्हणून चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. वारा, वाफ, वर, परत तेच तीन.

तारखांचं तिने विचारलं तर केरळ १ जून, मुंबई ११ जून, सगळा देश ८ जुलैपर्यंत. ह्या सरासऱ्या आहेत, रेल्वेचं टाइमटेबल नाही. २०२५ ला केरळात २४ मे ला आला आणि २६ मे ला मुंबईत, मुंबईच्या नोंदींमधला सगळ्यात लवकरचा. आणि "आला" हे कोणी खिडकीतून बघून ठरवत नाही. केरळ आणि आसपासची १४ ठिकाणं ठरलेली आहेत, १० मे नंतर त्यातल्या ६० टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिमी किंवा जास्त पाऊस व्हावा लागतो, आणि शिवाय पश्चिमेचा वारा पुरेशा उंचीपर्यंत पोचला का, ढगांचं आवरण आहे का हे बघतात. म्हणजे नुसता पाऊस पडून चालत नाही, वारा आलाय का ते बघावंच लागतं. आजोबा म्हणतील ७ जूनला मृग लागला की पाऊस, आणि त्यात तथ्य आहे, नक्षत्रं सूर्याच्या जागेवर आहेत म्हणून ऋतूशी जुळतात. पण बेडूक वाहन की म्हैस वाहन ह्यावरून पाऊस किती पडेल, ते सोडून द्या.

शेवटी करायला एक काम द्या, नुसतं ऐकून मुलं विसरतात. सरळ भिंतीचा, तोंड आणि तळ सारखा असलेला डबा किंवा काचेचा ग्लास घ्या, निमुळता चालणार नाही, आकडा चुकतो. टेरेसवर, झाड-भिंतीपासून लांब, वाऱ्याने पडणार नाही असा विटांमध्ये ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, देशभर वेधशाळा त्याच वेळेला मोजतात, म्हणजे तिचा आकडा पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येतो. मोजून झालं की पाणी ओतून द्यायचं, हे मुलं हमखास विसरतात. एक मिमी म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, तेव्हा १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिमी पडला तर दोन हजार लिटर, हे तिला काढू द्या. अडीच मिमीच्या वर असेल तर तो पावसाचा दिवस धरायचा, ६४.५ च्या वर गेला तर जोरदार आणि २०४.५ च्या वर गेला तर अतिवृष्टीतली अतिवृष्टी.

तिचा आकडा आणि वेधशाळेचा आकडा जुळला नाही तर लगेच तिचं चुकलं म्हणू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ च्या आसपास. आजी दहिवडीला असेल तर तिलाही एक डबा देऊन ठेवा, रोज फोनवर दोघींनी आकडे सांगायचे. जून ते ऑक्टोबर एका वहीत दोन रकाने, आणि तिसऱ्या रकान्यात वारा कुठून येतोय ते, गच्चीवर रिबीन बांधून. जुलैत सातारा आणि दहिवडीच्या आकड्यांत केवढी तफावत असते आणि सप्टेंबरच्या शेवटी ती कुठे जाते, ते त्या वहीत दिसेल.